नहनु म्हणजे आपण की आम्ही? जुनं अरबी वर्तमानपत्र वाचायची एक रीत

पोटासाठी मी अरबी कागदपत्रांची भाषांतरं करते. करारनामे, कुलमुखत्यारपत्रं, जन्माचे दाखले. जुनी अरबी वर्तमानपत्रं हा नाद. बैरूत, दमास्कस, हैफा, याफा, कैरो इथे १८६० ते १९१४ च्या दरम्यान निघालेली चार-चार पानांची पत्रं मी संध्याकाळी पडद्यावर मोठी करून वाचत बसते. अरब राष्ट्रवादाची कल्पना वर्तमानपत्रांनी पसरवली, हे वाक्य पुस्तकांत सगळीकडे असतं. पण ती पसरली म्हणजे नेमकं काय झालं, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असेल तर अंक कसा हाताळायचा, ते कुणी सांगत नाही. ज्यांना अरबी थोडीफार वाचता येते आणि पहिल्याच पानावर ज्यांची गाडी अडते, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

पहिली गोष्ट, घोषणा शोधत बसू नका. नवखा माणूस संग्रहाच्या संकेतस्थळावर जातो, शोधखिडकीत ‘इस्तिक्लाल’ म्हणजे स्वातंत्र्य हा शब्द टाकतो, हाती काही लागत नाही आणि निराश होतो. एक तर त्या काळचे खिळे, पुसट शाई आणि मायक्रोफिल्मवरचे ओरखडे यांच्यापुढे यंत्राचं वाचन हात टेकतं. दुसरं म्हणजे, १९१४ च्या आधी यातली बहुतेक पत्रं स्वातंत्र्य मागतच नव्हती. न्यायालयात अरबी चालावी, अधिकाऱ्याला अरबी यावी, इथला महसूल इथल्या रस्त्यांवर खर्च व्हावा, प्रांतांना अधिकार मिळावेत, म्हणजे त्यांच्या शब्दांत ‘लामर्कज़िय्या’, विकेंद्रीकरण. मागण्या अशा सपक. पण त्या मागताना ‘आपण’ म्हणजे कोण, हे दर अंकात थोडं थोडं बदलत जातं. बघायचं ते हेच.

आधी तारीख पक्की करा

मी यात सपशेल तोंडावर आपटले आहे, म्हणून सविस्तर सांगते. उस्मानी (ऑटोमन) काळातल्या पत्राच्या शीर्षकपट्टीत दोन-तीन पद्धतींच्या तारखा असू शकतात. हिजरी, रूमी आणि इसवी. रूमी म्हणजे उस्मानी राज्याचं आर्थिक वर्ष. ते मार्चात सुरू होतं, आणि त्याचा आकडा हिजरीच्या इतका जवळचा असतो की फसायला होतंच. सुलतान दुसऱ्या अब्दुल हमीदला राज्यघटना पुन्हा लागू करावी लागली तो दिवस घ्या. रूमीत १० तम्मूज़ १३२४, हिजरीत २४ जुमादा अल-सानी १३२६, आपल्या हिशोबाने २३ जुलै १९०८. रूमी सालात ५८४ मिळवायचे, जानेवारी-फेब्रुवारी असेल तर ५८५, आणि विसाव्या शतकात तेरा दिवस पुढे जायचं. हिजरीला असा झटपट हिशोब नाही, कोष्टकच बघावं.

मी सुरुवातीच्या काळात १३२६ चा एक अंक रूमी समजून १९१० चा म्हणून नोंदवला. अग्रलेखात राज्यघटनेचं तोंड भरून कौतुक होतं. १९१० पर्यंत सत्ताधारी तरुण तुर्कांवरून, म्हणजे ज्या गटाने सुलतानाला राज्यघटना लागू करायला लावली त्याच्यावरून, अरब संपादकांची मनं बरीच विटली होती, हे मला ठाऊक होतं. मग मी काय करावं? त्या कौतुकावर वहीत ‘उपरोध’ असा शेरा मारला आणि त्यावर पानभर टिपण लिहिलं. अंक निघाला होता १९०८ च्या शरद ऋतूत, सेन्सॉर उठून तीन महिनेही झाले नव्हते, आणि संपादक मनापासून आनंदला होता. माझे दमास्कसचे एक ज्येष्ठ सहकारी आहेत, त्यांना आम्ही सगळे उस्ताज म्हणतो. त्यांनी ते टिपण वाचलं आणि फक्त विचारलं, “बिंती, हा माणूस खूश आहे, तर तुला त्याचं काय वाईट वाटतंय?”

महिन्यांच्या नावांतही एक खड्डा आहे. शाम प्रदेशातल्या, म्हणजे सीरिया-लेबनॉन-पॅलेस्टाइनकडच्या, पत्रांत डिसेंबर म्हणजे ‘कानून अल-अव्वल’ आणि जानेवारी म्हणजे ‘कानून अल-सानी’. मराठी डोळ्याला तिथे पहिला कायदा, दुसरा कायदा दिसतो. कायद्याचा क़ानून क़ाफने लिहितात, महिन्याचा कानून काफने. इजिप्तमधल्या पत्रात तम्मूज़ऐवजी ‘यूलियू’ दिसेल, तेवढ्यावरून पत्र कुठलं याचाही अंदाज येतो.

मग शेवटचं पान

अंक मागून वाचायचा, ही उस्ताजांची शिकवण. शेवटच्या पानावर जाहिराती, वर्गणीच्या विनवण्या आणि ‘वुकला अल-जरीदा’ अशी यादी असते. वकील हा शब्द वाचून मी, रोज कुलमुखत्यारपत्रं भाषांतरित करणारी बाई, खुशाल समजले की पत्राने शहरोशहरी कायद्याचे वकील नेमलेत. भलतंच खटलेबाज पत्र दिसतंय! ते वर्गणी गोळा करणारे एजंट होते. ती यादी नकाशावर मांडून बघा. बैरूतच्या पत्राचा माणूस त्रिपोली (लेबनॉनमधलं), हमा, नाब्लुस इथे असेल, तर ते पत्र कुठवर वाचलं जात होतं हे लेखांपेक्षा ती यादीच खरं सांगते. वर्गणीचे दर बघा. गावात मजीदी, म्हणजे उस्मानी चांदीचं नाणं, परदेशी फ्रँक. परदेशचा दर छापला आहे म्हणजे न्यूयॉर्क किंवा साओ पावलोत स्थायिक झालेले वाचक धरलेले असू शकतात.

खप मात्र छोटा, शेकड्यांत किंवा फार तर काही हजारांत. साक्षरता कमी होती. पण कॉफीगृहात एक जण मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे, त्यामुळे एका प्रतीमागे माणसं किती, हे आकड्यावरून कळत नाही. संपादक ज्या केविलवाण्या सुरात थकलेली वर्गणी मागतात, त्यावरून फुकट्या वाचकांचा अंदाज जरूर येतो.

तिथून शीर्षकपट्टीकडे या. ‘साहिब अल-इम्तियाज’ म्हणजे परवान्याचा मालक. ‘मुदीर मस्ऊल’ म्हणजे जबाबदार संपादक. खटला झाला तर हा आत जाणार. ही दोन नावं वहीत उतरवा, कारण पत्र बंद पडलं की तीच माणसं दुसऱ्या नावाने पुन्हा छापू लागतात. अब्दुल ग़नी अल-उरैसीचं बैरूतचं ‘अल-मुफ़ीद’ सरकारने बंद पाडलं की ते ‘फ़ता अल-अरब’ या नावाने दिसतं. नावावरून शोधाल तर धागा तुटेल, माणसांवरून शोधा. एखादं नाव कुठेच लागत नसेल, तर बैरूतच्या फ़िलिप दी तर्राज़ीने केलेला अरबी पत्रकारितेचा अनेक खंडांतला इतिहास हा अजूनही पहिला आधार. पॅलेस्टाइनमधली पत्रं ‘जराइद’ या डिजिटल संग्रहात घरबसल्या वाचायला मिळतात.

‘ना’ मोजायचा

आता मुख्य कसब. अरबीत ‘नहनु’ म्हणजे आम्हीही आणि आपणही. ‘लुगतुना’ म्हणजे आमची भाषाही आणि आपली भाषाही. अरबी संपादकाला निवड करावी लागत नाही. मराठीत उतरवणाऱ्याला करावीच लागते, आणि मराठी वाचकाला हे हत्यार फुकटात मिळालं आहे. एक लेख घ्या. त्यातला प्रत्येक नहनु आणि शब्दाला चिकटलेला प्रत्येक ‘ना’ अधोरेखित करा. प्रत्येकाशेजारी मराठीत आपण किंवा आम्ही लिहा, आणि त्यात कोण बसतं ते लिहा. बैरूतकर? सीरियाचे लोक? सगळे उस्मानी? अरबी बोलणारे सगळे, ख्रिस्ती धरून?

समजा तक्रार अशी आहे की न्यायाधीशाला लुगतुना कळत नाही, साक्ष दुभाष्यामार्फत होते. लेखाचा रोख इस्तंबूलकडे असेल तर ‘आमची भाषा’. बैरूतच्या वाचकाशी बोलणं चालू असेल तर ‘आपली’. आणि एकाच लेखात वरच्या परिच्छेदात आमची आणि खालच्या परिच्छेदात आपली आली, तर थांबा. मधे कुठेतरी संपादकाने तोंड फिरवलं आहे. सरकारकडे बघून बोलणारा माणूस वाचकांकडे वळला. मी अशा जागी समासात एक छोटा बाण काढते. पन्नास अंकांतले बाण एकाखाली एक ठेवून पाहिले की इतिहासाची पुस्तकं ज्याला ‘जाणीव’ म्हणतात तिची चाहूल लागते.

सोबत शब्दांची वही ठेवा, पण मराठीतल्या भावंडांपासून सावध राहा. ‘वतन’ इथे पाटीलकीचं नाही, मायदेश. १८६० मध्ये लेबनॉनच्या डोंगरात आणि दमास्कसमध्ये धर्मावरून कत्तली झाल्या. त्यानंतर बैरूतचा लेखक बुत्रुस अल-बुस्तानी याने ‘नफ़ीर सूरिय्या’, म्हणजे सीरियाची तुतारी, या नावाने अकरा पत्रकं काढली. त्यात तो वाचकांना ‘या अब्ना अल-वतन’, मायदेशाच्या लेकरांनो, अशी हाक मारतो आणि खाली नावाऐवजी ‘वतनावर प्रेम करणारा’ अशी सही करतो. रक्त वाळलं नव्हतं तेव्हा मुसलमान, मारूनी ख्रिस्ती, द्रूज़ पंथाचे, सगळ्यांना बसेल असं संबोधन त्याला हवं होतं. पुढे १८७० मध्ये त्याच्या ‘अल-जिनान’ या नियतकालिकाने ‘वतनप्रेम हा श्रद्धेचाच भाग’ हे ब्रीद घेतलं. पण हे वतन म्हणजे सीरिया, आणि तेसुद्धा उस्मानी छत्राखालचं. तिथे लगेच अरब राष्ट्र वाचू नका. ‘उम्मा’ तर आणखी निसरडा. मुसलमानांची उम्मा, उस्मानी उम्मा, अरब उम्मा. विशेषण नसेल तर आधीचे दोन परिच्छेद परत वाचा. ‘जिन्स’ म्हणजे वंश किंवा राष्ट्रजात. आपल्याकडे त्याचा जिन्नस होऊन तो वाण्याच्या यादीत जाऊन बसला. ‘विलायत’ म्हणजे प्रांत, समुद्रापलीकडचा देश नव्हे.

इजिप्तबद्दल फक्त एवढंच. १८८२ पासून तिथे इंग्रजांचा ताबा होता, त्यामुळे सुलतानाच्या सेन्सॉरचा हात तिथे पोचत नसे. सीरियातून निसटलेले लेखक कैरोत जमले आणि तिथे छापलेलं बैरूत-याफाच्या बंदरांतल्या परकीय टपाल कचेऱ्यांतून चोरून आत आलं. हलबचा (अलेप्पोचा) अब्दुल रहमान अल-कवाकिबी याच वाटेने कैरोला गेला आणि जुलमी सत्तेवर त्याने तिथे लिहिलं. पण इजिप्तच्या स्वतःच्या राष्ट्रवादी पत्रांचं भांडण इंग्रजांशी होतं, आणि त्यांना सुलतान बऱ्याचदा आधार वाटे. दोन्ही एका टोपलीत टाकलं की आंबतं.

एक भांडण धरा आणि गावोगाव त्याच्या मागे जा

एका पत्राची पाच वर्षं वाचण्यापेक्षा एक भांडण पाच पत्रांत वाचा. सुरुवातीला मी सगळ्यांना अल-फ़ूलाचं प्रकरण देते.

नाझरेथच्या पायथ्याशी अल-फ़ूला नावाचं गाव होतं. सुमारे दहा हजार दुनम (तिकडचं जमिनीचं माप) जमीन, मालक बैरूतचा सावकार इल्यास सुर्सुक़. १९१० मध्ये त्याने ती ज्यू राष्ट्रीय निधीला, म्हणजे ज्यूंच्या वसाहतींसाठी पॅलेस्टाइनमध्ये जमीन घेणाऱ्या संस्थेला, विकायचा करार केला. नाझरेथचा क़ाइममक़ाम, म्हणजे तालुक्याचा प्रशासक, होता दमास्कसचा शुक्री अल-असली. त्याने ताबा द्यायला नकार दिला. वरून हुकूम आला, तो तरी अडून बसला, आणि वर्तमानपत्रात लिहू लागला. त्या जागी क्रूसेडरांच्या किल्ल्याचे अवशेष होते, जो सलाहुद्दीनने जिंकला असं मानलं जाई. म्हणून अल-असलीने उघडं पत्र लिहिताना सही केली: सलाहुद्दीन अल-अय्यूबी. सातशे वर्षांपूर्वी गेलेला माणूस जमिनीच्या सौद्यावर वर्तमानपत्रात पत्र लिहितो! पत्र कुणाला? उस्मानी सेनापतीला. इथे वहीत बाण काढायचा. लेखक अरब अधिकारी, टोपणनाव कुर्द वंशाच्या विजेत्याचं, गाऱ्हाणं उस्मानी फौजेकडे. या ‘ना’मध्ये कोण कोण आहे, ते एका शब्दात सांगा बरं.

आता प्रवास. हैफाचं ‘अल-कर्मिल’ १९०८ च्या अखेरीस नजीब नस्सारने सुरू केलेलं, त्याच्यासाठी ही शेजारची बातमी. दमास्कसचं ‘अल-मुक़्तबस’ मुहम्मद कुर्द अलीचं. आडनावच सांगतं की घराणं कुर्द, आणि पत्र मात्र अरबीचा कैवार घेणारं. नाझरेथ होतं बैरूत विलायतीत, दमास्कस सीरिया विलायतीत. याफा तर तिसऱ्याच, जेरुसलेमच्या, अंमलाखाली. तिथे १९११ च्या जानेवारीत ईसा अल-ईसा आणि यूसुफ़ अल-ईसा यांचं ‘फ़लस्तीन’ निघालं. प्रशासनाच्या दृष्टीने दमास्कसच्या वाचकाला त्या जमिनीशी काही देणंघेणं नव्हतं. वर्तमानपत्रांनी ते लावलं.

म्हणून कागदावर रकाने पाडा. तारीख, गाव, पत्र, मजकूर कुठून उचलला, मथळ्यात काय बदललं. मजकुराच्या सुरुवातीला किंवा शेवटी ‘नक़लन अन’ म्हणजे अमुकवरून उद्धृत, किंवा ‘क़ालत’ म्हणजे अमुक पत्र म्हणतं, हे शब्द शोधा. पत्रं एकमेकांना अंक पाठवायची आणि मजकूर सर्रास उचलायची, कधी श्रेय देऊन, कधी गुपचूप. गुपचूप उचललेला ओळखायचा तर छपाईच्या चुका जुळवा. एकाच विशेषनामात एकच चूक दोन गावांत दिसली की चोर सापडला. मग मथळे बघा. गावाचं नाव मथळ्यात असलेली बातमी दूरच्या शहरात पोचेपर्यंत ‘बिलादुना’ची, आपल्या मुलुखाची, होते का? आणि ती झाली तर नेमकी कितव्या छपाईत?

अल-असली जमीन वाचवू शकला नाही. तिथे १९११ मध्ये मेर्हाव्या ही वसाहत उभी राहिली. पण त्याच वर्षी तो दमास्कसहून उस्मानी संसदेवर निवडून गेला आणि हा प्रश्न त्याने इस्तंबूलला नेला.

१९१६ विसरा

हे सगळ्यात अवघड. ६ मे १९१६ ला सीरियातला उस्मानी सेनापती जमाल पाशा याने बैरूतमध्ये चौदा आणि दमास्कसमध्ये सात जणांना फाशी दिली. बैरूतमध्ये विशीतला अल-उरैसी होता, ‘अल-इत्तिहाद अल-उस्मानी’चा संपादक शेख अहमद तब्बारा होता. दमास्कसमध्ये अल-असली होता, आणि इस्तंबूलमधून ‘अल-हदारा’ काढणारा अब्दुल हमीद अल-ज़हरावी होता. हे एकदा कळलं की १९०९ च्या ‘अल-मुफ़ीद’मधला साधा स्वल्पविरामसुद्धा बंडखोर वाटायला लागतो. तब्बाराच्या पत्राचं नाव पुन्हा वाचा: ‘उस्मानी ऐक्य’. इटलीने १९११ मध्ये लिबियावर हल्ला केला तेव्हा हीच पत्रं सुलतानाच्या राज्यामागे उभी राहिली. अल-ज़हरावी जून १९१३ मध्ये पॅरिसच्या अरब परिषदेचा अध्यक्ष होता, आणि १९१४ मध्ये त्याने उस्मानी सिनेटमधली जागा स्वीकारली. दोन वर्षांनी त्याच राज्याने त्याला लटकवलं. अंक वाचताना मी त्या अंकाच्या तारखेपुढचं सगळं एका कागदाखाली झाकते. खरोखरचा कागद, पडद्याला चिकटवलेला, त्यावर मोठ्या अक्षरात अंकाची तारीख.

न छापलेलं

१९०८ च्या आधीचं पत्र असेल तर मक्तूबजी, म्हणजे सेन्सॉर, छपाईखान्यात बसला आहे असं धरून चाला. राजे-बादशहांचे खून छापायला मनाई होती, स्वातंत्र्य आणि क्रांती हे शब्द तर सोडाच. सलीम सरकीस नावाचा बैरूतचा पत्रकार निसटून गेला आणि त्याने १८९६ मध्ये या मक्तूबजींच्या तऱ्हा एका पुस्तकात गोळा केल्या. कंटाळा आला की मी ते उघडते. अशा काळात पत्र चीनवर किंवा पोलंडवर अचानक तीन रकाने लिहायला लागलं, की सवयीने विचारायचं, हे खरंच तिथलं चाललंय का?

१९०८ नंतरच्या गप्पपणाचा एकच अंक सांगते. एप्रिल १९१३, बैरूत. शहरातल्या प्रतिष्ठितांनी, मुसलमान आणि ख्रिस्ती दोघांनी मिळून, सुधारणा समिती काढली होती. वालीने, म्हणजे प्रांताच्या उस्मानी राज्यपालाने, ती बेकायदा ठरवून बंद केली. निषेध म्हणून वर्तमानपत्रांनी पहिलं पान कोरं सोडलं आणि त्यावर फक्त वालीचा हुकूम छापला. अशा पानाचं माझ्या रीतीने काय करायचं? त्यात नहनु नाही, ‘ना’ नाही, बाण काढायला ओळच नाही. मराठीत उतरवायचा तर फक्त हुकूम, आणि त्यात ‘तुम्ही’ सोडून काही नाही. मी नोंदवहीत तारीख लिहिली, पत्रांची नावं एकाखाली एक लिहिली, आपण-आम्हीचा रकाना तसाच मोकळा सोडला आणि समासात पेन्सिलीने टिपलं: पुढच्या दिवसाचे अंक काढायचे, शेवटच्या पानापासून.